एक रुग्ण, पाच आजार, चार वह्या: उपकेंद्राच्या टीमनं काम वाटून कसं घ्यायचं?

वाटाड्या

कामाच्या वाटणीबद्दल बोलायला हा धागा काढतोय. साध्या बीपीच्या किंवा साध्या शुगरच्या पेशंटचं आता बरंचसं बसलंय. अडतं ते एकाच अंगात चार-पाच दुखणी असली की. प्रत्येक दुखण्याचा कार्यक्रम वेगळा, वही वेगळी, पोर्टल वेगळं, माणूस मात्र एकच.

चर्चा हवेत जाऊ नये म्हणून एक कल्पित रुग्ण घेऊ. बाई, वय ६३, उंची १५० सेंमी, वजन सहा महिन्यांत ५३ वरून ४७ किलो. मधुमेह १२ वर्षं, बीपी ८ वर्षं. मूत्रपिंड किती काम करतं ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन १.६. डाव्या पायाच्या अंगठ्याखाली न दुखणारी जखम. आणि आता थुंकीत टीबी निघालाय, रिफॅम्पिसिनला (टीबीचं मुख्य औषध) दाद देणारा. चालू गोळ्या (आकडे मिलिग्रॅममध्ये): मधुमेहासाठी मेटफॉर्मिन ५०० दिवसातून तीनदा आणि ग्लिमेपिराइड २, बीपीसाठी अम्लोडिपिन ५ आणि टेल्मिसार्टन ४०, कोलेस्टेरॉलसाठी अटोर्वास्टॅटिन १०. शिवाय गुडघ्यासाठी गावातून अधूनमधून सुई.

टीम नेहमीचीच: आशा, गटप्रवर्तक (आशांच्या पर्यवेक्षक), एएनएम, उपकेंद्राचे सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी), प्रा. आ. केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, औषध निर्माण अधिकारी, लॅब तंत्रज्ञ, टीबीचे वरिष्ठ उपचार पर्यवेक्षक. आठ माणसं. कोणी काय करायचं?

माझं मत आधीच सांगून ठेवतो: आठ जणांनी मिळून बघायचा पेशंट म्हणजे कोणीच न बघितलेला पेशंट. गोळ्यांची यादी एकच असावी आणि ती यादी एकाच माणसाच्या नावावर असावी. बाकी वाटणी त्यानंतर.

औषधखिडकी

यादीचं बोलताय तर तिथूनच सुरुवात. केसपेपरवरची यादी आणि पिशवीतल्या गोळ्या जुळत नाहीत, हे गृहीत धरूनच कामाला लागायचं. पहिल्या भेटीत घरातली सगळी औषधं पिशवीसकट मागवायची. 'चालू आहेत ती आणा' म्हणायचं नाही, 'डब्यात, फडताळात, देव्हाऱ्याजवळ आहेत ती सगळी' म्हणायचं. टेबलावर तीन ढीग करायचे: रोज घेते, कधीमधी घेते, बंद केलीय पण ठेवलीय. हमखास सापडतं ते असं:

१. एकच औषध दोन नावांनी. सरकारी टेल्मिसार्टन सुटी, आणि बाहेरून लिहिलेली टेल्मिसार्टन-अम्लोडिपिनची जोडगोळी. नावं वेगळी, रंग वेगळा. बाई दोन्ही घेते आणि उठताना चक्कर येते म्हणते.

२. डायक्लोफिनॅक किंवा असेक्लोफिनॅक ही वेदनाशामकं पॅरासिटामॉलसोबत एकाच गोळीत. पेशंट म्हणतो 'तापाची गोळी'. मूत्रपिंड आधीच अशक्त, वर टेल्मिसार्टन, त्यात ही. लघवीची गोळी चौथी असेल तर मूत्रपिंड अचानक बसायला तेवढं पुरतं.

३. 'शुगरची आयुर्वेदिक पावडर' नावाची बिनलेबलची पुडी. ती बंद करायला लावून आठ दिवसांनी शुगर पुन्हा बघायची. साखर एकदम वाढली तर पुडीत काय असावं याचा अंदाज येतो.

तिसरा ढीग घरी परत द्यायचा नाही. इथे बरेच जण संकोचतात. परत दिला की पुढच्या महिन्यात तो पहिल्या ढिगात मिसळलेला असतो.

निर्गुडी

+१ पिशवीला.

सीएचओच्या बाजूने: मूळ पोस्टमधली मेटफॉर्मिन १५०० खटकली. ईजीएफआर (क्रिएटिनिनवरून काढलेला मूत्रपिंडाच्या गाळणीचा अंदाज) काढलं तर ३६ च्या आसपास येतंय. ३० ते ४५ मध्ये दिवसाला १००० च्या वर नको, ३० च्या खाली बंद. म्हणजे ही बाई आजच जास्त डोसवर आहे. क्रिएटिनिन १.६ ला रिपोर्टवर नुसता एक बाण असतो, म्हणून नजरेतून सुटतं.

आडवाट

निर्गुडी, ३६ बरोबर आहे, पण त्या ३६ वर विसंबू नका. ते अंगाचा पृष्ठभाग १.७३ चौरस मीटर धरून काढलेलं असतं. १५० सेंमी आणि ४७ किलोच्या बाईचं अंग १.४ चौरस मीटर. त्या हिशेबाने प्रत्यक्ष गाळणी २९ वर येते. जुन्या पद्धतीने, वजन धरून क्लिअरन्स (मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता) काढा: (१४० − ६३) × ४७ × ०.८५ भागिले (७२ × १.६). येतं २६.७.

हा आकड्यांचा खेळ नाही. टीबीच्या औषधांसाठी ३० ची रेघ क्लिअरन्सवर आखलेली आहे. त्याखाली पायराझिनामाइड आणि इथाम्ब्युटॉल रोज द्यायचं नसतं, आठवड्यातून तीनदा द्यायचं. आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन रोजच. ४७ किलोला वजनाच्या तक्त्यात चार औषधांच्या एकत्र गोळ्या ३ येतात, आणि त्या रोज दिल्या की चारही औषधं रोज जातात. कोणी काही चुकीचं केलेलं नसतं, तक्ता पाळलेला असतो, आणि काही महिन्यांत डोळ्यांची तक्रार सुरू होते.

मेटफॉर्मिनसुद्धा मी या बाईला १००० नाही, बंदच करीन.

माळरान

टीबीच्या बाजूने दुजोरा. तक्ता वजनाचा आहे, मूत्रपिंडाचा नाही. ३५ ते ४९ किलो ३ गोळ्या, ५० ते ६४ किलो ४. क्रिएटिनिनचा रकाना त्यात नाही. त्यामुळे निक्षयवर (टीबीचं सरकारी पोर्टल) नोंद झाली की गोळ्यांचं पाकीट आपोआप निघतं. सुट्या गोळ्या लागणार हे पहिल्या दिवशीच तालुक्याला कळवावं लागतं, डोस डॉक्टरांच्या सहीने ठरवून घ्यावा लागतो.

सुरुवातीलाच करायच्या गोष्टी:
– प्रत्येक डोळ्याची वेगळी नजर तक्त्यावर, आणि रंगांची ओळख. मधुमेहाने पडदा आधीच बिघडलेला असला तर नंतरची तक्रार इथाम्ब्युटॉलची की साखरेची हे सांगता येत नाही. आधीचा कागद असेल तरच सांगता येतं.
– एचआयव्ही तपासणी, यकृताच्या तपासण्या.
– पायरिडॉक्सिन (बी६ जीवनसत्त्व) १० मिलिग्रॅम रोज. आयसोनियाझिडने तळपायाला मुंग्या येतात, मधुमेहाने आधीच आलेल्या असतात.
– लघवी केशरी होणार हे आधी सांगणं. किडनीचा पेशंट केशरी लघवी बघून गोळ्या बंद करतो, आणि त्याची भीती रास्त असते, कारण 'किडनीवर लक्ष ठेवा' असं आपणच त्याला सांगितलेलं असतं.

वाटाड्या

आडवाट, हिशेब मान्य. मुळात हा हिशेब टीममध्ये करतं कोण, हाच माझा प्रश्न होता. लॅबवाला क्रिएटिनिन देतो, वजन आशाकडे, उंची कोणाकडेच नाही, तक्ता पर्यवेक्षकाकडे. चौघांकडे चार तुकडे.

सूचना: ज्याला मधुमेह किंवा बीपी आहे त्याच्या क्रिएटिनिनच्या रिपोर्टवर वय, वजन, उंची लिहिल्याशिवाय रिपोर्ट डॉक्टरांपुढे जायचाच नाही. वजन त्याच दिवशीचं, चप्पल काढून.

नळी_नंबर_तीन

लॅबकडून लिहायला हरकत नाही. पण आकडा मुळात खरा यायचा तर नळीपासून बोलावं लागेल.

पोटॅशियम: टेल्मिसार्टन सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम मागवतात, योग्यच आहे. पण रक्त सकाळी उपकेंद्रावर काढलं, सीरम वेगळं न करता दुपारी गाडीत दिलं, तर पेशींतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं आणि ५.९ येतं. काही जण 'खराब होऊ नये' म्हणून नळी बर्फाला चिकटवून ठेवतात. त्याने आणखी वाढतं! रक्त अर्धा तास गोठू द्यायचं, दोन तासांच्या आत फिरवून सीरम वेगळं, मग थंड पेटी. सेंट्रीफ्यूज (नळी फिरवायचं यंत्र) प्रा. आ. केंद्रात असेल तर पोटॅशियमसाठी बाईला तिथेच पाठवा, उपकेंद्रावर काढू नका. आवळपट्टी बांधून मूठ दहा वेळा उघडमीट करायला लावणं हेही टाळा.

साखर: करड्या टोपणाची, फ्लोराइडची नळी. साध्या नळीत तासाला ५ ते ७ टक्के साखर पेशीच खाऊन टाकतात. तीन तासांनी १८० ची १५० होते आणि पेशंट 'कंट्रोलमध्ये' येतो.

एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी): हिमोग्लोबिन आधी बघा. किडनीच्या आजारात आणि रक्तक्षयात हा आकडा फसवतो. हिमोग्लोबिन ८ असताना आलेल्या ६.८ वर कोणी डोस ठरवू नये. लोहाच्या गोळ्या नुकत्याच सुरू झाल्या असतील तरी तेच.

गटप्रवर्तक_घाटमाथा

सगळे रक्ताचंच बोलताय, थोडं घरातलंही ऐका.

आशाला 'गोळ्या घेता का?' विचारायला शिकवू नका. उत्तर 'हो'च येतं. रिकामी पाकिटं मागायची आणि मोजायची. आठवड्याला एकदा, ठरलेल्या वारी. पाकिटं कचऱ्यात टाकू नका, डब्यात टाका, असं पहिल्याच दिवशी सांगून ठेवायचं.

'तंबाखू खाता का?' हाही फुकट गेलेला प्रश्न. बायका 'नाही' म्हणतात, आणि ते त्यांच्या दृष्टीने खरं असतं. 'मिश्री लावता का, दिवसातून किती वेळा?' असं विचारलं की सकाळी एकदा, परसाकडेला जाताना एकदा, दुपारी एकदा, सगळं येतं. तिशीवरच्यांच्या सीबॅक फॉर्मवर (बीपी-शुगरसारख्या आजारांचा धोका मोजणारा, आशाने भरायचा फॉर्म) गुण त्यावरही ठरतात. चारच्या वर गेले की तपासणीला आधी घ्यायचं. मिश्री सुटली की गुण कमी पडतात आणि बाई रांगेत मागे जाते.

उपवास. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार, नवरात्र. 'उपवास करू नका' म्हणून उपयोग नाही, ऐकत नाहीत आणि पुढच्या वेळी सांगतही नाहीत. कॅलेंडर घेऊन बसायचं, महिन्याचे उपवास विचारून त्या तारखांवर खूण करायची. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत पोटात काही नाही आणि सकाळी ग्लिमेपिराइड घेतली, तर संध्याकाळी घाम, थरथर, बडबड. घरचे म्हणतात अंगात आलं. उलट एकादशीला दोन वेळा साबुदाणा आणि वर केळी, तर साखर आभाळाला. त्या दिवशी गोळीचं काय करायचं हे डॉक्टरांनी आधी लिहून द्यावं, आशाने तोंडी सांगू नये.

सुनेचा_प्रश्न

माझ्या सासूबाईंना यातली तीन दुखणी आहेत म्हणून वाचतेय. साखर उतरली तर घरी नेमकं काय करायचं? आणि कमी सोडियमचं मीठ मिळतं ते बीपीला चांगलं म्हणतात, ते सुरू करावं का?

निर्गुडी

ताई, मीटर असेल तर ७० च्या खाली उतरलेली धरा. मीटर नसेल आणि घाम, थरथर, गोंधळ असेल तरीही तसंच धरा, वाट बघू नका. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायला द्या. १५ मिनिटांनी पुन्हा बघा, नसेल चढली तर परत तेवढीच. चढली की भाकरी किंवा पोळी खायला द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवून १०८ लावायचा.

आणि ग्लिमेपिराइड घेणाऱ्या किडनीच्या पेशंटची साखर एकदा चढली म्हणजे संपलं असं नाही. गोळी अंगात साचलेली असते, चार-सहा तासांनी पुन्हा उतरते. रात्रभर कोणीतरी जवळ हवं, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं.

औषधखिडकी

मिठाबद्दल: नाही, सुरू करू नका. त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. मूत्रपिंड अशक्त आणि वर टेल्मिसार्टन असेल तर पोटॅशियम बाहेर पडत नाही, हृदयाचे ठोके बिघडतात. त्याच कारणाने 'अशक्तपणा आहे' म्हणून रोज नारळपाणीही नको. साधंच मीठ, पण दिवसाला एका माणशी एक सपाट चमचा, सगळं मिळून ५ ग्रॅम. लोणचं, पापड, ठेचा, सुकी मच्छी त्याच चमच्यात धरायची.

आडवाट

आहारावरून टीममध्ये सगळ्यात जास्त गोंधळ होतो, तेही बोलूया. टीबीवाला सांगतो अंडी, डाळ, शेंगदाणे भरपूर. किडनीवाला सांगतो प्रथिनं कमी. मधुमेहवाला सांगतो भात बंद. बाई सगळ्यांचं ऐकते आणि भाकरी-चटणीवर येते. आधीच सहा किलो गेलेत.

टीबीचे सहा महिने वजनाला पहिला मान. डायलिसिसवर नसलेल्या पेशंटलाही प्रथिनं किलोला ०.८ ग्रॅमच्या खाली आणायची नाहीत, आणि टीबी चालू असताना त्याहून जास्तच लागतात. कडधान्य बंद नाही, अंडं बंद नाही. साखर वाढली तर औषध वाढवा, ताट कमी करू नका. टीबीच्या पेशंटला सरकारकडून मिळणारे पोषणाचे महिन्याला १००० रुपये (नोव्हेंबर २०२४ पासून, आधी ५०० होते) तिच्याच खात्यावर जातात का हे आशाने पासबुकात बघावं. बंद पडलेलं किंवा आधार न जोडलेलं खातं हे नेहमीचं कारण.

हे चौघांनी चार तोंडांनी सांगायचं नाही. आहाराचं एकानेच बोलायचं. माझ्या मते सीएचओने.

निर्गुडी

चालेल. पण मग डोसचंही स्पष्ट होऊ दे. सीएचओने काय करायचं नाही याची यादी सगळ्यांना पाठ असते, काय करायचं याची कोणी देत नाही.

वाटाड्या

रास्त आहे. मी अशी वाटणी करीन.

आशा: आठवड्याला एक घरभेट. रिकामी पाकिटं, पायाचा तळवा, पायावर सूज, उलटी-जुलाब, उपवासाच्या तारखा. पाचच गोष्टी. डोसबद्दल एक शब्द नाही.

सीएचओ: दर १५ दिवसांनी बीपी, उपाशीपोटीची साखर, वजन, पायाची जखम. डॉक्टरांनी ठरवलेली औषधं पुढे देणं. डोस बदलायचा असेल तर डॉक्टरांना फोन किंवा ई-संजीवनी (सरकारी ऑनलाइन डॉक्टरसल्ला), आणि बदल त्याच दिवशी यादीवर. यादी सीएचओच्या नावावर.

डॉक्टर: महिन्याला एकदा प्रत्यक्ष. औषध सुरू, बंद, कमी, जास्त करणं फक्त इथेच. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या तज्ज्ञाने लिहिलेलं औषधसुद्धा आधी या टेबलावरून जाणार.

औषध निर्माण अधिकारी: दर तीन महिन्यांनी पिशवी. नवीन औषध आलं की लगेच.

एएनएम: आशा रजेवर असली की तिची भेट एएनएमची. हे आधी ठरलेलं नसेल तर नेमक्या त्याच आठवड्यात घोळ होतो.

२०१७ च्या नोव्हेंबरमध्ये पाच राज्यांत सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्र पहिल्यापासून होता. ठरलेला प्रोटोकॉल, औषधांचा साठा, टीमने काम, घराजवळ सेवा, नोंदी, ही त्याची पाच सूत्रं. बीपीपुरतं ते चाललं, कारण आजार एक आणि पायऱ्या ठरलेल्या. इथे पायऱ्या एकमेकींवर चढतात.

माळरान

चढतात म्हणजे कशा ते सांगतो. रिफॅम्पिसिन यकृताला इतर औषधं झपाट्याने मोडायला लावतं. सुरू केल्यापासून दोनेक आठवड्यांत पूर्ण परिणाम दिसतो. अम्लोडिपिन जवळपास पाण्यात जातं, ग्लिमेपिराइड आणि अटोर्वास्टॅटिनचा जोर कमी होतो. टेल्मिसार्टनला तितका फटका नाही. म्हणजे तिसऱ्या आठवड्यात बीपी १६८ आणि साखर २८० आली तर 'गोळ्या घेत नाही' म्हणून बाईला बोलायचं नाही. ती घेतेच आहे.

म्हणून बीपी आणि साखर पहिला महिना दर आठवड्याला मोजा. आणि या बाईला, मूत्रपिंड आणि टीबी दोन्ही बघता, ग्लिमेपिराइड बंद करून इन्शुलिनच बरं.

निर्गुडी

इन्शुलिन म्हटलं की उपकेंद्राची परीक्षा.

कमी डोसने सुरुवात, कारण मूत्रपिंड अशक्त असलं की इन्शुलिन अंगात जास्त वेळ रेंगाळतं. रात्रीचं एनपीएच (दुधी रंगाचं, सावकाश काम करणारं इन्शुलिन) किलोला ०.१ युनिट, म्हणजे ४७ किलोला ५. सकाळच्या उपाशी साखरेवर दर तीन दिवसांनी २ युनिट वरखाली, तेही डॉक्टर सांगतील तसं.

सिरिंज! सरकारी बाटली ४० ची असते: एका मिलीत ४० युनिट, १० मिलीच्या बाटलीत ४००. तिला लाल टोपणाची ४० ची सिरिंज. मेडिकलवाला केशरी टोपणाची १०० ची देतो. ४० च्या बाटलीतून १०० च्या सिरिंजमध्ये १० च्या रेघेपर्यंत भरलं तर प्रत्यक्षात ४ युनिट जातात. साखर उतरत नाही, डोस वाढवत नेतात, मग एक दिवस योग्य सिरिंज मिळते आणि बाई बेशुद्ध. उलटं त्याहून वाईट: १०० च्या बाटलीतून ४० च्या सिरिंजमध्ये १० ची रेघ म्हणजे २५ युनिट. यादीवर युनिटांसोबत टोपणाचा रंगही लिहायचा. अक्षरओळख नसली तरी रंग कळतो.

फ्रीज नसेल तर मातीचं मडकं, त्यात वाळू, वाळूत लहान मडकं, वाळू ओली. बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत. उघडलेली बाटली २८ दिवस. उघडल्याची तारीख चिकटपट्टीवर. दुधी इन्शुलिन तळव्यांत हलकेच घोळवायचं, हलवायचं नाही. घोळवूनही गुठळ्या राहिल्या तर फेकायचं.

गटप्रवर्तक_घाटमाथा

आणि दसऱ्यानंतर टोळी ऊसतोडीला गेली तर? म्हातारी कोयता धरत नसेल, पण नातवंडं सांभाळायला कोपीवर जातेच. परत यायला मार्च-एप्रिल.

माळरान

निक्षय आयडी तोच राहतो, नवीन नोंद करायची नाही. जिथे जाणार त्या कारखान्याच्या तालुक्याला निघायच्या आधी बदली टाकायची. पत्ता विचारून काही हाती लागत नाही. मुकादमाचं नाव, फोन आणि कारखान्याचं नाव घ्या. टोळी फडाफडात फिरते, मुकादमाचा फोन तोच राहतो.

बीपी-शुगरला असा बदलीचा दोर नाही. तिथे घरातली फाईलच कामाची. प्लॅस्टिकच्या पाकिटात एक पान: आजार, गोळ्यांची यादी, शेवटचं क्रिएटिनिन, इन्शुलिन आणि टोपणाचा रंग, सीएचओचा नंबर. १४ आकडी आभा (सरकारी डिजिटल आरोग्य ओळख) क्रमांक असला तर लिहा, पण पान हवंच. कोपीवर रेंज नसते.

औषधखिडकी

तारखांचा एक घोळ कोणी बोललं नाही. टीबीचा महिना २८ दिवसांचा. दोन महिने म्हणजे ५६ डोस, पुढचे चार म्हणजे ११२, एकूण १६८. बीपी-शुगरचा महिना ३० दिवसांचा. सहाव्या वेळेला दोन तारखांत १२ दिवसांचं अंतर पडतं. बाई दोन खेपा का मारील? एक चुकवते, आणि चुकते ती बीपीची, कारण टीबीसाठी फोन येतो.

सगळंच २८ दिवसांवर आणा. इन्शुलिनची बाटलीही २८ दिवसांची. शिवाय २८ म्हणजे बरोबर चार आठवडे, वार तोच राहतो. आठवडी बाजाराचा वार धरला की जीपचं भाडं वेगळं पडत नाही.

आडवाट

हे फार नेमकं सांगितलंत. माझ्याकडून वाटणीत दोन गोष्टी घाला.

उलटी-जुलाब लागले की टेल्मिसार्टन थांबवायची, आणि मेटफॉर्मिन किंवा लघवीची गोळी चालू असलेल्यांनी तीही. खाणं-पिणं २४ ते ४८ तास नीट झाल्यावर पुन्हा सुरू. टीबीच्या गोळ्या मनाने थांबवायच्या नाहीत, पण उलट्या चालूच राहिल्या, डोळे पिवळे दिसले तर गोळ्या हातात घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे. हे पानावर लाल शाईत.

दुसरं बीपी मोजण्याबद्दल. पाच मिनिटं टेकून बसवून, हात हृदयाच्या पातळीला, एक मिनिटाच्या अंतराने दोनदा. ब्लाउजची घट्ट बाही वर गुंडाळली की तीच आवळपट्टी होते, बाही सैल करा किंवा हात बाहेर काढा. वाळलेल्या दंडाला मोठा पट्टा लावला तर आकडा खोटा कमी येतो. आणि उभं करून एकदा. बसून १३८ आणि उभ्याने ११० असेल तर डोस वाढवणारा माणूस तिला पाडणार आहे.

सुनेचा_प्रश्न

जखमेचं राहिलं. दुखत नाही म्हणून त्या गरम पाण्यात पाय बुडवून बसतात.

निर्गुडी

ते आजच थांबवा, ताई. दुखत नाही म्हणजे चटकाही कळत नाही, फोड येऊनच कळतं. कोमट पाण्याने धुवायचं, तेही हाताच्या कोपराने तपासून, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. अंगठ्याखालची जखम चालल्याने भरत नाही. मलम कितीही लावा, प्रत्येक पावलाला ती चिरडते. भार काढणं हाच इलाज: जखमेच्या जागी फेल्ट कापून भोक ठेवलेला तळवा, मऊ रबराची चप्पल, घरातही अनवाणी नाही. कडेची कडक कातडी नर्सने काढायची, घरी ब्लेड नाही. लाली जखमेबाहेर दोन सेंमीच्या वर पसरली, वास आला, काळं दिसलं, ताप आला किंवा जखमेत घातलेल्या तपासणीच्या सळईला हाड लागलं, तर उपकेंद्रावर थांबायचं नाही, त्याच दिवशी रुग्णालय.

पाठवताना नुसतं 'पुढील उपचारासाठी' लिहू नका. चार ओळी: आज काय झालं, आधीपासून काय आहे, आज काय मोजलं, आम्हाला काय हवंय. आणि परत आल्यावर तीन दिवसांत पिशवी पुन्हा टेबलावर, कारण रुग्णालयातून नवीन गोळ्या येतात आणि जुन्या बंद झाल्या की नाही हे डिस्चार्ज कार्डावर क्वचितच असतं.

माळरान

शेवटचा मुद्दा, कारण हा कोणाच्याच वाटणीत येत नाही. १६८ वा डोस झाला, टीबीचं काम संपलं, पर्यवेक्षकाची फाईल बंद. पण रिफॅम्पिसिन थांबल्यावर यकृत दोन आठवड्यांत पूर्वपदावर येतं. मधल्या काळात अम्लोडिपिन ५ ची १० केलेली असते, इन्शुलिन ५ चं १४ झालेलं असतं. तीच औषधं आता पूर्ण जोराने लागू होतात. पेढे वाटून झाल्यावर दहाव्या-बाराव्या दिवशी बाई पहाटे अंथरुणात घामाघूम सापडते.

वाटाड्या

घेतलं वाटणीत. शेवटच्या डोसाची तारीख पहिल्याच दिवशी काढून सीएचओने यादीवर लिहायची. डोस चुकले तर तेवढे दिवस पुढे. त्या तारखेपासून तीन आठवडे आठवड्यातून दोनदा उपाशी साखर आणि बीपी, पहिल्या आठवड्यातच डॉक्टरांकडे डोस कमी करायला. आशाने घरातल्या कालनिर्णयवर त्या तीन आठवड्यांभोवती पेनाने चौकट करायची आणि सुनेला दाखवायची.

गटप्रवर्तक_घाटमाथा

सहा महिन्यांत वर्ष बदललं तर कालनिर्णय पण बदलतं, डॉक्टर. चौकट नव्यावर पुन्हा काढायचं काम आशाच्या जानेवारीच्या पहिल्या भेटीत लिहा.

वाटाड्या

लिहिलं.